आप्पांचा आवाज कुणी बंद केला?

१

बुधवारी संध्याकाळी पावणेसहाला आप्पांचा आवाज पाचव्यांदा मेला.

खोलीत तिघं होती. खिडकीपाशी खुर्चीत आप्पा, समोर स्टुलावर त्यांची धाकटी मुलगी आणि मागे टेबलाशी विजेच्या किटलीत पाणी ओतणारी त्यांची बायको, जिला सगळी गल्ली वहिनी म्हणते. आप्पांचं डावं बोट काचेवर बराच वेळ फिरत होतं. शेवटी त्यांनी हिरवं ‘बोल’ दाबलं आणि पडदा काळा झाला. कोपऱ्यात एक बारीक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत राहिली. आप्पांनी डोळे मिटून घेतले. धाकटी उठली आणि जिना उतरून गेली.

‘आवाज मेला’ हा त्या घरातलाच शब्दप्रयोग. चौतीस वर्षं आप्पांनी लाँचच्या धक्क्यावर सुटणाऱ्या लाँचींचे पुकारे केले, तेही कर्ण्याशिवाय. पलीकडच्या काठावरची माणसं त्यांच्या हाकेवर घड्याळ लावायची. लोक त्यांना भोंगा म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. सात महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही गेली.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्या तंत्रशाळेच्या मास्तरांनी मग त्यांना एक डबा करून दिला. आत पत्त्यांच्या जोडाएवढा हिरवा बोर्ड. अख्खा संगणक त्या एका बोर्डावर. वर काच, बाजूला छोटा स्पीकर. काचेवर अक्षरं दाबायची आणि ‘बोल’ म्हणायचं, की डबा बोलतो. घराच्या लेखी तोच आप्पांचा आवाज.

गुरुवारी दुपारी आप्पांचा थोरला मुलगा, दादा, गल्लीच्या टोकाच्या दुरुस्तीच्या दुकानात येऊन उभा राहिला.

“बाई, शनिवारी सकाळी धाकटी जहाजावर निघतेय. वर्षभरासाठी. त्याआधी एवढं शोधून द्या, आप्पांचा डबा कोण बंद पाडतंय.”

“कोण, की काय?” दुकानातल्या बाईंनी विचारलं.

“कोण,” दादा म्हणाला. “पाचही वेळा समोर तीच होती.”

२

या बाईंना सगळे फॉल्टबाई म्हणत. टेलिफोन कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर त्यांनी बावीस वर्षं काढली होती. नोकरी संपल्यावर त्यांनी चिकाटीनं संगणक शिकून घेतला आणि दुकान टाकलं. बावीस वर्षांत त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. तक्रार करणारा ज्याच्याकडे बोट दाखवतो, तिथे बिघाड क्वचितच असतो. पण त्याच्या बोलण्यात तो कुठेतरी दडलेला असतोच.

घरात शिरल्यावर त्या आधी डब्याकडे गेल्या नाहीत. आप्पांसमोर स्टूल ओढून बसल्या.

“आप्पा, तुम्ही मुद्दाम बंद करता का हो?”

वहिनी दचकल्या. सात महिन्यांत आप्पांना सरळ प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. सगळे त्यांच्याविषयी बोलत, त्यांच्या डोक्यावरून.

आप्पांचं बोट चाललं. डबा बोलला, “मी नाही.”

“मग धाकटी करते?”

“नाही.”

“मग?”

“माहीत नाही.”

डबा ठणठणीत चालत होता.

“बरं. त्या प्रत्येक वेळी तुम्हाला तिला काय सांगायचं होतं?”

आप्पांचं बोट काचेवर अधांतरी थांबलं. त्यांनी दाराकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवून दिला.

वहिनींना राहवलं नाही. “माझ्या मनात एक शंका आहे. डबा मरतो तो नेमका संध्याकाळी, आणि त्याच वेळी मी किटली लावते. डबा लावलाय त्याच भिंतीवरच्या प्लगात. वीज कमी पडत असेल.”

“आणि मी धाकटीला स्वतःच्या डोळ्यांनी डब्याची वायर हातात धरलेली पाहिलंय,” दादानं पुस्ती जोडली.

फॉल्टबाईंनी किटली लावायला सांगितली. वर इस्त्रीही. दोन्ही तापत असताना आप्पांनी “चहा कधी” असं विचारून दाखवलं. डबा जराही न अडखळता बोलला.

“आता मला सांगा, डब्यातल्या हिरव्या बोर्डावर हा लाल दिवा आहे. डबा मेला की हा विझतो?”

दादानं डोकं खाजवलं. “नाही. तो असतोच चालू.”

“मग वीज गेलेली नाही. किटलीनं कमी केली नाही आणि वायर ओढूनही कुणी तोडली नाही. ती तोडली असती तर दिवा विझला असता. बोर्ड जिवंत आहे. मेला तो त्याच्यावर चालणारा प्रोग्राम. घर शाबूत, घरधनी खलास.”

“पण प्रोग्राम मारता येतो ना? तिला संगणक येतो.” दादा इरेला पेटला होता. “कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकदा गाठ पडेल. पाच वेळा कशी पडेल?”

प्रश्न रास्त होता. फॉल्टबाई उठल्या आणि धाकटीला शोधायला गच्चीवर गेल्या.

धाकटी वाळलेले कपडे काढत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही.

“दादानं पाठवलं ना तुम्हाला? खरं आहे त्याचं. मीच मारते.”

३

फॉल्टबाईंनी दोरीवरची एक चादर काढली आणि दुसरं टोक तिच्या हातात दिलं. दोघींनी मिळून तिची घडी घातली.

“कशी मारतेस?”

“माहीत नाही कशी. मालवाहू जहाजावर सुकाणू शिकायची उमेदवारी मिळाली, तेव्हा मी घरात सांगितलं. आप्पा एवढे ओरडले की खाली रस्त्यावर माणसं थांबली. म्हणाले, गेलीस तर या घराचं दार तुला बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना झटका आला. बाई, त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य. ते माझ्यामुळे. मी समोर गेले की त्यांचा हा दुसरा आवाजही जातो. आता मी काय समजायचं?”

“आणि वायर?”

“काढून परत लावत होते. चालू व्हावा म्हणून.”

“डब्यातून ते तुझ्याशी काहीच बोलले नाहीत?”

“बोलले ना. एकदा डबा मेला, मी परत सुरू करून दिला, तर म्हणाले, ‘थांब’. मी म्हटलं, झालं, अजून जाऊ द्यायचं नाहीये. पुढच्या वेळी तसंच झालं, तर म्हणाले, ‘जा’. आता मला हाकलताहेत की काय! एका तोंडानं थांब, त्याच तोंडानं जा.” तिनं डोळे पुसले. “नंतर तर मी थांबतच नाही. डबा मेला की उठते.”

“मरायच्या आधी ते किती वेळ अक्षरं दाबत असतात?”

धाकटीनं विचार केला. “खूप वेळ. दहा-बारा मिनिटं तर सहज.”

“आणि काचेवर तुला काय दिसतं?”

“मला काच दिसत नाही. ती त्यांच्या बाजूला असते. त्यांनाही सगळं दिसत नाही. नजर अधू झालीय म्हणून मास्तरांनी अक्षरं मोठी ठेवलीत. एका वेळी दोनच शब्द मावतात. मागचे सरकून जातात.”

फॉल्टबाईंनी चादर तिच्या हातावर ठेवली. “चहा मागायला आप्पांना अर्धं मिनिट लागलं,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, आणि मास्तरांचं दार वाजवायला जिना उतरल्या.

४

मास्तर भला माणूस, पण प्रोग्रामचं नाव काढताच त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर राग आला.

“बाई, मी तपासून दिलाय. सलग दोनशे अक्षरं टाकून ‘बोल’ दाबलं. एकदा नाही, वीस वेळा. एकदाही पडला नाही. वापरणाऱ्यानं काहीतरी केल्याशिवाय असं होणारच नाही.”

“तुमच्यावर आळ घ्यायला आले नाही मी. डबा स्वतःची काही नोंद ठेवतो का?”

ठेवत होता. दोघं खाली आली आणि मास्तरांनी डब्यातली नोंद उघडली. रोजच्या रोज दोनच गोष्टी टिपलेल्या, वेळेसकट. प्रोग्राम कधी सुरू झाला आणि ‘बोल’ कधी दाबलं. काय बोललं ते मात्र नव्हतं. “दुसऱ्याचं बोलणं आपण कशाला लिहून ठेवायचं?” मास्तर म्हणाले. रागावलेला असला तरी माणूस सभ्य होता.

फॉल्टबाई एकेक ओळ खाली उतरत गेल्या. घरच्यांनी सांगितलेले पाचही दिवस सापडले. प्रत्येक ठिकाणी तोच क्रम. ‘बोल’, त्यानंतर काही नाही, आणि मग नव्यानं सुरू. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“दादा, या सोमवारी सकाळी दहा वाजता घरात कोण होतं?”

“कुणी नाही. मी कामावर, धाकटी जहाजाच्या कचेरीत. आई आणि आप्पा फक्त.”

“सोमवारी दहा वाजून दहा मिनिटांनी ‘बोल’ दाबलं गेलं आणि प्रोग्राम मेला. दहा वाजून चौदा मिनिटांनी कुणीतरी तो परत सुरू केला. तुमचे पाच, डब्याचे सहा.”

सगळ्यांच्या नजरा वहिनींकडे वळल्या. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

५

“मी केर काढत होते,” वहिनी शेवटी म्हणाल्या. “हे एकटेच बसून अक्षरं दाबत होते. अगदी मन लावून. माझा झाडू वायरीला लागला, आणि बघते तर डबा काळा. मला वाटलं, मीच मारला. बटण बंद करून चालू केलं आणि तोंडाला कुलूप लावलं. आधीच त्या पोरीला सगळे बोलत होते. त्यात आणखी भर कशाला?”

“अगं आई, तू सांगितलं असतंस तर...” दादा एवढंच म्हणाला. पोरीला बोलणाऱ्यांत आपणच पुढे होतो, हे त्याला त्याच क्षणी उमगलं असावं.

“झाडूनं काही केलं नाही वहिनी. दिवा चालू होता ना? झालं तर.” फॉल्टबाई आप्पांकडे वळल्या. “सोमवारी समोर धाकटी नव्हती, तरी आवाज मेला. तुम्ही एकटे होता. आप्पा, तुम्ही सराव करत होता, हो ना? संध्याकाळी तिला जे सांगायचं, त्याचा?”

आप्पांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण नजर हटली नाही.

फॉल्टबाईंनी मास्तरांना बाजूला घेतलं. प्रोग्राम मरतो त्या क्षणी त्याच्या स्मृतीत जे जे असतं, त्याची जशीच्या तशी प्रत संगणक काढून ठेवू शकतो. एक प्रकारचा पंचनामाच. मास्तरांनी ती सोय जागा वाचवायला बंद करून ठेवली होती. ती सुरू करायला दोन मिनिटं लागली.

“आता फक्त एक लागेल,” फॉल्टबाई म्हणाल्या. “आणखी एक मृत्यू.”

फॉल्टबाई आप्पांसमोर जाऊन बसल्या.

“आप्पा, धाकटी समोर बसेल. तुम्ही रोजचंच वाक्य लिहा, पूर्ण. डबा मरेल. पण या वेळी तो का मेला ते मला कळेल. एक अडचण आहे. तुमचं वाक्य माझ्या डोळ्यांना दिसेल. चालेल?”

आप्पांनी बराच वेळ घेतला. “फक्त तुम्हाला,” डबा म्हणाला. आणि मग आणखी एक शब्द आला. “मारा.”

वहिनींना त्याही परिस्थितीत हसू फुटलं.

धाकटीला गच्चीवरून बोलावलं. ती स्टुलावर अंग चोरून बसली. आप्पांचं बोट चालू लागलं. मास्तरांनी घड्याळ लावलं होतं. पाच मिनिटं, आठ, अकरा. फॉल्टबाई डब्याकडे नाही, आप्पांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. धक्क्यावर उभा राहून पुकारा करणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. वाक्य सुरू केलं की तडीस न्यायचं, मध्येच तोडायचं नाही.

बाराव्या मिनिटाला त्यांनी ‘बोल’ दाबलं.

पडदा काळा झाला. लाल दिवा तसाच तेवत होता.

“कुणी उठू नका,” फॉल्टबाई म्हणाल्या. धाकटी अर्धी उठली होती, ती परत बसली.

६

मास्तरांना भिंतीकडे तोंड करायला लावून फॉल्टबाईंनी ती प्रत आपल्या संगणकावर उघडली. आकड्यांच्या आणि वेड्यावाकड्या खुणांच्या शेकडो ओळी. त्यांच्या मधोमध, गाळात रुतलेल्या होडीसारखं, एक अख्खं वाक्य शाबूत पडलं होतं. फॉल्टबाईंनी ते वाचलं. वाचावंच लागलं. मग चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पेन्सिलीचं टोक पडद्यावर टेकवत मोजायला लागल्या. मोजून झाल्यावर त्यांनी पडदा मिटला.

“मास्तर, वळा आता. ‘बोल’ दाबलं की वाक्य स्पीकरकडे जातं. त्यासाठी तुम्ही प्रोग्राममध्ये किती खण राखून ठेवलेत?”

“दोनशे छप्पन. एक शेवटी रिकामा, वाक्य संपल्याची खूण म्हणून. म्हणजे दोनशे पंचावन्न अक्षरं. भरपूर आहेत.”

“आणि तपासताना दोनशे अक्षरं टाकलीत. कुठली?”

“कुठली म्हणजे? ए. इंग्रजी ए, ए, ए, दोनशे...”

मास्तरांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

“इंग्रजी ए एका खणात मावतो,” फॉल्टबाई शांतपणे म्हणाल्या. “आणि आपला क?”

“तीन,” मास्तर पुटपुटले. “तीन खण. काना, मात्रा, वेलांटी, प्रत्येकीला आणखी तीन. अरे देवा! मीच रोज वर्गात शिकवतो हे.”

“खाली बसून करा. सगळ्यांना बघू दे.”

मास्तरांनी डबा सुरू केला आणि ‘क’ दाबत सुटले. दादा मोठ्यानं मोजत होता. पंच्याऐंशीला थांबून ‘बोल’ दाबलं. डबा चिकट आवाजात क-क-क करत राहिला, पण मेला नाही. मग त्यांनी तेच परत केलं, एक ‘क’ वाढवून. शहाऐंशी. ‘बोल’.

पडदा काळा.

“तीन खणांचा एक, असे पंच्याऐंशी म्हणजे दोनशे पंचावन्न,” फॉल्टबाईंनी हिशेब सोडवला. “शहाऐंशीवा आला की तो शेजाऱ्याच्या खणात पाय टाकतो. संगणक म्हणतो, हद्द ओलांडलीस, आणि तिथल्या तिथे प्रोग्रामचा गळा धरतो. चहा, पाणी, खिडकी लाव, यांत काना-मात्रा धरून दहा-पंधरा चिन्हं. म्हणून रोजचा आवाज बिनबोभाट चालायचा.”

“पण मग हिच्याच समोर का?” दादानं विचारलं. आता त्या प्रश्नात आरोप नव्हता.

“तुमचं निरीक्षण खरं होतं दादा, अर्थ तेवढा उलटा लावलात. बाकी सगळ्यांशी आप्पांचं दोन-तीन शब्दांत भागतं. पंच्याऐंशीच्या वर सांगण्यासारखं त्यांच्याकडे एकाच माणसासाठी होतं. ‘थांब’ म्हणाले ते, मला पुरं करू दे म्हणून. ते नीट पोचलं नाही म्हणून मधलाच एक शब्द काढून दिला, ‘जा’. तोही उलटाच पोचला.” त्या धाकटीकडे वळल्या. “आवाज तू मारत नव्हतीस. तुझ्याशी बोलायला तो अपुरा पडत होता.”

धाकटी आप्पांकडे बघत होती. “काय होतं ते वाक्य?”

“मला माहीत आहे,” फॉल्टबाई म्हणाल्या, “पण सांगायचा हक्क माझा नाही.”

७

मास्तर त्याच संध्याकाळी डबा वर घेऊन गेले आणि शुक्रवारी सकाळी नऊ वाजता, दाढी न करता, तो परत घेऊन आले. खण दोनशे छप्पनचे चाळीस हजार केले होते. शिवाय चाळीस हजारही भरले तर प्रोग्रामनं न मरता, नम्रपणे “जागा संपली” म्हणावं, अशी तजवीज केली होती. या वेळी त्यांनी तपासायला ज्ञानी माणसासारखी इंग्रजी अक्षरं घेतली नव्हती. बायकोचं आलेलं एक चार पानी पत्र टाकलं होतं. “सगळं बोलला,” ते खाली मान घालून म्हणाले. “मलाच ऐकवेना.”

दादानं धाकटीसाठी स्टूल आणलं. मग ते ठेवून आत गेला आणि पाठ टेकायची खुर्ची घेऊन आला. “बराच वेळ बसायचंय तुला,” तो म्हणाला. थोड्या वेळानं अडखळत पुढे म्हणाला, “काल-परवा मी जे बोललो...”

“नंतर,” धाकटी म्हणाली. “आधी ते.”

फॉल्टबाई निघायच्या तयारीत होत्या, पण आप्पांनी त्यांना डोळ्यांनीच बसवलं.

बोट चालू लागलं. एकदा चुकलं, मागे गेलं, परत आलं. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. चौदा मिनिटं झाली. आप्पांनी मान वर केली, खोलीतल्या एकेकाकडे पाहिलं आणि ‘बोल’ दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मास्तरांनी डोळे घट्ट मिटले.

मग डबा बोलला. सपाट, चढउतार नसलेला, पण अखंड.

“त्या दिवशी दार बंद म्हणालो ते मी भीतीनं म्हणालो रागानं नाही. तू जा पोरी लांब जा मोठी हो आणि परत यावंसं वाटेल तेव्हा ये दार उघडंच आहे.”

धाकटीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. आप्पांनी डावा हात पुढे केला, पण तो पोचेना, तेव्हा तीच खुर्ची सोडून त्यांच्या गुडघ्यांपाशी खाली बसली आणि त्यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवला. वहिनी आतल्या खोलीत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या, कारण आत थांबून काही चुकवायची त्यांची तयारी नव्हती.

बऱ्याच वेळानं धाकटीनं डोकं वर केलं. नाक लाल, आवाज बसलेला.

“आप्पा, तुम्हाला भीती कसली वाटली?”

आप्पांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. हा प्रश्न येईल याची त्यांनी तयारी केली नसावी. मग त्यांनी तिच्या केसांतला हात अलगद काढून घेतला, काच नीट समोर ओढली आणि पहिलं अक्षर शोधू लागले.

बोट चाललं होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. या वेळचं वाक्य आधीच्यापेक्षा कितीतरी लांब होतं. दादा जमिनीवर मांडी घालून बसला, वहिनी त्याच्या शेजारी. कुणालाच घाई नव्हती.